गाजर गवत

गाजर गवत (शास्त्रीय नाव: पार्थेनियम हिस्टेरोफोरस) हे सूर्यफुलाच्या म्हणजे ॲस्टरेसी कुलातील वर्षायू तण आहे. महाराष्ट्रात ते काँग्रेस गवत व चटक चांदणी या नावांनीही ओळखले जाते. नावात गवत असले तरी ही वनस्पती तृणकुलातील नाही आणि गाजराशीही तिचे नाते नाही. केवळ पानांच्या साम्यावरून हे नाव रूढ झाले. तिचे मूळ स्थान उष्णकटिबंधीय अमेरिका होय. परक्या भूमीत झपाट्याने पसरून स्थानिक वनस्पतींना हुसकावणाऱ्या आक्रमक तणांत तिची गणना होते.

भारतातील आगमन

पुणे येथे १९५५ साली उकिरड्यावर हे तण आढळले व १९५६ साली आर. एस. राव यांनी त्याची शास्त्रीय नोंद प्रसिद्ध केली. अमेरिकेतून आयात झालेल्या धान्याबरोबर त्याचे बी आले, असे सामान्यतः मानले जाते. पुढील काही दशकांत ते देशाच्या बहुतेक भागांत पसरले.

ओळख

कोवळ्या रोपाची पाने जमिनीलगत चक्राकार पसरतात. ती खोलवर विभागलेली, फिकट हिरवी व लवदार असतात. नंतर मधून उभ्या रेषा असलेले खोड वर येते व त्याला वरच्या भागात पुष्कळ फांद्या फुटतात. झाड साधारणतः अर्धा ते दीड मीटर उंच होते. फांद्यांच्या टोकांना सुमारे चार मिलिमीटर व्यासाची, पाच टोके असलेली पांढरी फुले येतात. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने असे प्रत्येक फूल हा अनेक सूक्ष्म फुलांचा गुच्छ असतो.

बागेत कोवळ्या रोपाची गफलत पुढील वनस्पतींशी होते:

• गाजर: पाने लांब देठांवर उभी राहतात, जमिनीला चिकटत नाहीत, चुरगळल्यास गाजराचा वास येतो.
• झेंडू: पानांच्या कडा दातेरी असतात, चुरगळल्यास झेंडूचा उग्र वास येतो.
• कॉसमॉस: पाने खोडावर समोरासमोर येतात, गाजर गवताची एकाआड एक असतात.

प्रसार

उगवल्यापासून साधारण चार ते सहा आठवड्यांत फुले येऊ लागतात. एक झाड १५ ते २५ हजार बिया तयार करू शकते. बिया बारीक व हलक्या असल्याने वारा, पाणी, वाहनांच्या चाकांचा चिखल यांबरोबर दूर जातात. घरच्या बागेत त्या बहुधा विकतची माती, शेणखत किंवा रोपवाटिकेतील कुंडी यांतून येतात. ओल मिळाल्यास त्या वर्षातून केव्हाही उगवतात आणि जमिनीत गाडलेल्या बिया काही वर्षे जिवंत राहतात.

दुष्परिणाम

पार्थेनिन हे या वनस्पतीतील प्रमुख विषारी द्रव्य होय. वारंवार संपर्क आल्यास काही व्यक्तींच्या पापण्या, मान, कोपराचा खळगा अशा भागांवर खाज सुटणारा त्वचादाह होतो. परागकणांमुळे शिंका, सर्दी व दमा उद्भवू शकतो. वर्षानुवर्षे त्रास न झालेल्या व्यक्तीलाही पुढे ॲलर्जी जडू शकते. मुळे व पाने यांतील द्रव्यांमुळे शेजारच्या वनस्पतींची उगवण व वाढ खुंटते.

बागेतील नियंत्रण

उपटण्याची वेळ फुले येण्यापूर्वीची असावी. पाऊस पडून गेल्यावर किंवा पाणी दिल्यावर माती मऊ असताना झाड मुळासकट निघते. वरून कापल्यास बुंध्यापासून पुन्हा फुटवे येतात. उपटताना रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे व मुखपट्टी वापरावी. नंतर हात साबणाने धुवावेत. दमा किंवा त्वचेची ॲलर्जी असलेल्यांनी हे काम स्वतः करू नये.

फुले न आलेली झाडे कंपोस्ट खतासाठी चालतात. फुले आलेली झाडे मात्र खतात टाकू नयेत. घरगुती ढिगात पुरेशी उष्णता निर्माण न झाल्यास त्यांचे बी जिवंत राहते व खताबरोबर संपूर्ण बागेत पसरते. अशी झाडे न झटकता पिशवीत बंद करावीत. उघड्यावर जाळणे टाळावे.

मिठाचे तीव्र द्रावण फवारल्याने झाडे करपतात. तथापि त्यामुळे माती खारावते व जवळच्या रोपांना अपाय होतो, म्हणून वाफ्यात हा उपाय योग्य नाही.

उघडी जमीन या तणाला विशेष मानवते. त्यामुळे उपटलेल्या जागी पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे किंवा झेंडू, टाकळा यांसारख्या दाट वाढणाऱ्या वनस्पती लावाव्यात. मातीतील जुने बी उगवत राहत असल्याने एकदा उपटून काम संपत नाही. विशेषतः पावसाळ्यात दर पंधरवड्याला पाहणी आवश्यक असते.

जैविक नियंत्रण

मेक्सिकोतून १९८३ साली बंगळूर येथे झायगोग्रामा बायकोलोराटा हा भुंगेरा आणण्यात आला व पुढील वर्षी तो निसर्गात सोडण्यात आला. फिकट पिवळसर पाठीवर गडद तपकिरी पट्टे ही त्याची खूण होय. प्रौढ भुंगेरे व अळ्या दोन्ही गाजर गवताची पाने खातात. तो मुख्यतः पावसाळ्यात सक्रिय असतो व कोरड्या काळात मातीत सुप्तावस्थेत राहतो. त्यामुळे पाणी मिळून वर्षभर उगवणाऱ्या बागेतील झाडांसाठी केवळ त्याच्यावर विसंबता येत नाही.