कॅसेट उघडायची की जपायची?

११ जुलै २०२१ रोजी अमेरिकेत ‘सुपर मारिओ ६४’ या व्हिडिओ गेमची एक प्रत लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरला गेली. १९९६ साली आलेल्या या गेमच्या जगभरात एक कोटीहून जास्त प्रती खपल्या होत्या. अमेरिकेत किंवा जपानमध्ये जुन्या खेळांच्या दुकानात त्याची वापरलेली प्रत आजही सहज मिळते. लिलावातली प्रत वेगळी ठरली ती एवढ्यावरच, की तिच्या खोक्यावरचं प्लॅस्टिक पंचवीस वर्षांत कुणी फाडलं नव्हतं. ग्रेडिंग कंपनीने खोक्याला दहापैकी ९.८ गुण दिले, वेष्टनाला ‘ए प्लस प्लस’ दर्जा दिला आणि सगळं कडक पारदर्शक पेटीत बंद केलं. आता तो गेम कुणी खेळणार नाही.

या बातमीनंतर अनेकांचा समज झाला, की व्हिडिओ गेमच्या जुन्या कॅसेटी गोळा करणं ही पैसेवाल्यांची चैन आहे. मला या छंदाची दुसरी बाजू मांडायची आहे. व्हिडिओ गेमचा इतिहास आज ज्या पुराव्यांवर उभा आहे, त्यातले पुष्कळसे कंपन्यांनी जपलेले नाहीत. गॅरेज सेल, भंगार आणि बंद पडलेल्या दुकानांचे माळे धुंडाळणाऱ्या छांदिष्टांनी ते वाचवले. आणि वाचवले ते कॅसेट उघडून.

खेळ वेगळा, यंत्र वेगळं

सुरुवातीच्या घरगुती यंत्रांत खेळ यंत्रातच कायमचे बसवलेले असत. त्यांचा कंटाळा आला, की यंत्रच अडगळीत जाई. १९७६ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या फेअरचाइल्ड कंपनीचं ‘चॅनल एफ’ बाजारात आलं आणि हे बदललं. या यंत्रासाठी खेळ वेगळ्या, पिवळ्या प्लॅस्टिकच्या कॅसेटींमध्ये मिळू लागले. अल्पेक्स नावाच्या कंपनीतली मूळ कल्पना घराघरात वापरता येईल इतकी दणकट करण्याचं काम जेरी लॉसन यांच्या पथकाने केलं. सिलिकॉन व्हॅलीत कृष्णवर्णीय अभियंते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, त्या काळात लॉसन यांनी हे घडवलं. पुढच्याच वर्षी आलेल्या अटारी कंपनीच्या यंत्राने कॅसेटला खरा बाजार मिळवून दिला.

कॅसेट उघडली, की आत एक हिरवा सर्किट बोर्ड दिसतो. त्याच्या कडेला सोनेरी पट्ट्या असतात आणि बोर्डावर एकदोन काळ्या चिपा. गेमचा सगळा मजकूर कारखान्यातच या चिपेत कोरलेला असतो. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा आख्खा गेम ४० केबीत मावतो. आज मोबाइलवर आलेला एखादा ‘शुभ सकाळ’चा फोटोही त्याहून जड असतो. कॅसेटचं आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे यंत्राला जे जमत नाही, त्याची सोय ती स्वतःबरोबर आणू शकते. १९९३ च्या ‘स्टार फॉक्स’ने त्रिमितीय चित्रांसाठी स्वतःची वेगळी प्रोसेसर चिप आणली. १९८७ मध्ये अमेरिकेत आलेल्या ‘लेजंड ऑफ झेल्डा’च्या सोनेरी कॅसेटमध्ये बटणासारखी बॅटरी होती. तिच्या जोरावर खेळ अर्धा टाकून दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे खेळता येई.

हीच बॅटरी आज संग्राहकाची डोकेदुखी आहे. ती बोर्डाला डागलेली असते, कधीतरी संपतेच, आणि नुसती काढून दुसरी लावली तर आतली जुनी नोंद पुसली जाते. म्हणून जाणकार आधी ती नोंद संगणकावर उतरवून घेतात आणि मगच सोल्डरिंगला हात घालतात. फुंकर मारून कॅसेट चालू करण्याचा उपाय जगभरच्या मुलांनी केला आहे. पण फुंकरीतल्या ओलाव्याने पट्ट्या गंजतात. पट्ट्या पुसायला आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि कापसाची काडी पुरते.

कॅसेट दुर्मिळ कशी होते

कुठलीही कॅसेट मुद्दाम दुर्मिळ करण्यासाठी निघत नसे. बहुतेक वेळा बक्षीस, जाहिरात, फसलेला धंदा किंवा मागे घेतलेला माल यांतून ती दुर्मिळता आली.

या जगात सर्वाधिक बोलबाला असलेली कॅसेट बक्षिसातून आली. १९९० मध्ये ‘मारिओ’ आणि ‘झेल्डा’ काढणाऱ्या निन्टेन्डो कंपनीने अमेरिकेतल्या शहरांतून ‘वर्ल्ड चॅम्पियनशिप्स’ भरवल्या. स्पर्धकाला ६ मिनिटं २१ सेकंदांत तीन खेळ खेळायचे असत: ‘मारिओ’त पन्नास नाणी गोळा करायची, ‘रॅड रेसर’ची एक फेरी पुरी करायची आणि उरलेल्या वेळात ‘टेट्रिस’मध्ये गुण जमवायचे. त्यासाठी बनवलेल्या करड्या कॅसेटींपैकी ९० अंतिम फेरीतल्या खेळाडूंना मिळाल्या आणि सोनेरी रंगाच्या २६ कंपनीच्या मासिकाने स्पर्धेत वाटल्या. करड्या कॅसेटच्या दर्शनी बाजूला एक छोटी खाच आहे आणि तिच्यात वेळ लावायची बारीक बटणं उघडी दिसतात. ही वस्तू दुकानात विकायला बनलेली नाही, हे ती हातात घेताच कळतं.

जाहिरातीतून आलेल्या दुर्मिळतेचा नमुना म्हणजे ‘पेप्सी इन्व्हेडर्स’. १९८३ मध्ये कोका-कोलाने आपल्या विक्री अधिकाऱ्यांच्या मेळाव्यासाठी अटारीकडून हा खेळ करून घेतला. त्यात आकाशातून उतरणारे शत्रू म्हणजे ‘पेप्सी’ या नावाची अक्षरं. खेळ तीन मिनिटांत संपतो. प्रती निघाल्या फक्त १२५.

मागे घेतलेल्या मालात ‘स्टेडियम इव्हेंट्स’चं नाव पहिलं. बॅन्डाई कंपनीने १९८७ मध्ये पायाने खेळायच्या चटईबरोबर हा खेळ अमेरिकेत आणला. लवकरच ती चटई निन्टेन्डोने स्वतःच्या नावाने विकायला घेतली, गेमला नवं नाव मिळालं आणि जुन्या नावाचा माल बाजारातून उठला. २०१० मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या एका घरातून जुनं यंत्र आणि काही कॅसेटी ऑनलाइन लिलावात आल्या. त्यात हा गेम खोक्यासकट होता. बोली १३ हजार १०५ डॉलरवर थांबली. त्याच वर्षी याच गेमची सीलबंद प्रत ४१ हजार ३०० डॉलरला गेली.

फसलेल्या धंद्याचं उदाहरण म्हणजे मेनाव्हिजन या अल्पायुषी कंपनीचा ‘एअर रेड’. त्याच्या निळ्या कॅसेटला वर ‘टी’ अक्षरासारखी मूठ आहे. २०१० मध्ये खोक्यासकट सापडलेली त्याची प्रत ३१ हजार ६०० डॉलरला विकली गेली.

दुर्मिळ आणि महाग यांची मात्र नेहमीच गाठ पडत नाही. जगात मूठभर प्रती असलेले पण कुणालाच नको असलेले खेळ स्वस्तात पडून असतात. उलट ‘अर्थबाउंड’सारखा हजारो प्रती निघालेला गेम महाग आहे, कारण तो खेळायची इच्छा असणारे त्याहून कितीतरी जास्त आहेत. खोकं आणि पुस्तिका शाबूत असतील तर किंमत आणखी वाढते, कारण मुलांनी कॅसेटी सांभाळल्या, खोकी फेकून दिली.

खड्ड्यातून निघालेला माल

किंमत वस्तूला मिळते की तिच्या कहाणीला, हे बघायचं तर न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावाकडे वळावं. १९८२ च्या ख्रिसमससाठी अटारीने ‘ई.टी.’ चित्रपटावरचा गेम काढला. हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ यांना तो लिहायला जेमतेम पाच आठवडे मिळाले. लाखो कॅसेटी खपल्याविना राहिल्या. १९८३ मध्ये अमेरिकेतला हा धंदाच कोसळला आणि त्या सप्टेंबरात अटारीने ट्रक भरभरून माल या गावाच्या कचरा डेपोत गाडला. अनेक वर्षं लोक याला दंतकथा समजत.

२६ एप्रिल २०१४ रोजी तो खड्डा उकरला गेला. चेपलेल्या खोक्यांत सुमारे १३०० कॅसेटी सापडल्या. त्यात ‘ई.टी.’बरोबर इतरही अनेक गेम होते. नगरपालिकेने प्रमाणपत्रं देऊन शेकडो प्रती विकल्या आणि एकूण एक लाख डॉलरहून जास्त रक्कम उभी राहिली. एक प्रत स्मिथसोनियन संग्रहालयात गेली. ‘ई.टी.’ची चांगली, चालणारी कॅसेट काही डॉलरमध्ये मिळत असताना खड्ड्यातल्या चेपक्या प्रतीला १५३५ डॉलरपर्यंत भाव मिळाला. घेणाऱ्यांनी एका धंद्याच्या पडझडीचा पुरावा विकत घेतला होता आणि त्यासाठी मोजलेला पैसा मला रास्त वाटतो.

वेष्टनाचा बाजार

२०१९ नंतर बाजाराने जे वळण घेतलं, त्याचं मात्र समर्थन करणं कठीण आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ची सीलबंद प्रत १ लाख १५० डॉलरला गेली. जुलै २०२० मध्ये दुसरी एक प्रत १ लाख १४ हजारांना, तर एप्रिल २०२१ मध्ये टेबलाच्या खणात पस्तीस वर्षं विसरलेली एक प्रत ६ लाख ६० हजारांना गेली. जुलैत ‘झेल्डा’ने ८ लाख ७० हजार गाठले, दोनच दिवसांनी ‘मारिओ ६४’ने १५ लाख ६० हजार. ऑगस्टमध्ये २० लाख डॉलरच्या व्यवहाराची बातमी आली. खेळाशी काहीही देणंघेणं नसलेले गुंतवणूकदार उतरले. भाव मुद्दाम फुगवले गेल्याचे आरोप झाले, प्रकरण अमेरिकेत कोर्टात गेलं, संबंधितांनी आरोप नाकारले. पुढे बाजार उतरला आणि चढ्या भावात घेणारे अडकले.

सर्वात मोठी झळ साध्या संग्राहकाला बसली. भाव वाढताच बनावट मालाचा पूर आला. म्हणून आज महाग कॅसेट घेणारा आधी ती उघडायला सांगतो. निन्टेन्डोच्या कॅसेटला साध्या स्क्रूड्रायव्हरने न फिरणारा स्क्रू असतो, त्याला ३.८ मिलिमीटरचं खास पान लागतं. आत बोर्डावर कंपनीचं नाव, चिपेवरचा छापील क्रमांक आणि टाक्यांची सफाई बघतात. पेटीत बंद केलेल्या प्रतीची ही परीक्षा घेता येत नाही. तिथे प्रमाणपत्रावर विश्वास ठेवावा लागतो.

उघडणाऱ्यांचं ऋण

बाजारात न आलेल्या खेळांचे नमुने ‘ईप्रॉम’ नावाच्या चिपेवर असत. या चिपेच्या पाठीवर काचेची छोटी खिडकी असते. तिथून अतिनील प्रकाश गेला तर मजकूर पुसला जातो, म्हणून वर कागद चिकटवलेला असतो. पण कागद असूनही दशकांमागून दशकं जाताना चिपेतला विद्युतभार झिरपत जातो. असा नमुना तिजोरीत ठेवला तर एक दिवस तिजोरीत नुसतं प्लॅस्टिक उरेल. त्यावर इलाज एकच: आतला मजकूर वेळेत उतरवून घेणं. संग्राहक याला ‘डंप’ करणं म्हणतात.

जपानमध्ये १९८९ साली आलेल्या ‘मदर’ या गेमची इंग्रजी आवृत्ती तयार होऊनही बाजारात आली नाही. तिचा नमुना एका संग्राहकाच्या हाती लागला. १९९८ मध्ये चाहत्यांनी वर्गणी काढून तो उतरवून घेतला आणि सर्वांना खुला केला. निन्टेन्डोने तोच गेम अधिकृतपणे विकायला काढला २०१५ मध्ये. ‘सिमसिटी’ या गेमची निन्टेन्डोसाठी बनलेली, रद्द झालेली आवृत्तीही २०१७ मध्ये सापडलेल्या नमुन्यातून अशीच वाचली. हे काम अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने तडीस नेलं. याच संस्थेने २०२३ मध्ये दाखवून दिलं, की २०१० पूर्वी अमेरिकेत निघालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात विकत मिळत नाहीत. म्हणजे कंपन्यांवर विसंबलो, तर या माध्यमाचा मोठा भाग आपल्या हातून गेलाच समजा.

जपानमधला एक संग्रह मला यापेक्षाही जवळचा वाटतो. तिथली मुलं मित्राला दिलेली कॅसेट परत यावी म्हणून तिच्या पाठीवर मार्करने नाव लिहीत. अशा नावाने बाजारात कॅसेटचा भाव पडतो. एका गेम कंपनीच्या प्रमुखाने नेमक्या याच कॅसेटी गोळा केल्या आणि मालकांनी ओळखून परत न्याव्यात म्हणून त्यांचं संग्रहालय मांडलं. बाजाराला जो डाग वाटतो, तो त्याने ऐवज मानला.

आपल्या माळ्यावरचा ठेवा

आता आपल्याकडे वळू. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात ज्या घरांत व्हिडिओ गेम आला, तिथे तो बहुतेक निन्टेन्डोच्या ‘फॅमिकॉम’ची नक्कल म्हणून आला. १९८३ च्या या जपानी यंत्रात नकली कॅसेट ओळखून अडवणारी चिप नव्हती. अमेरिकी यंत्रात ती पुढे घातली गेली. त्यामुळे तैवान आणि चीनमधल्या कारखान्यांनी यंत्राच्या आणि कॅसेटींच्या नकला धडाक्याने बनवल्या. आपल्याकडे मीडिया, लिटल मास्टर, टर्मिनेटर अशा नावांनी यंत्रं विकली गेली. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि मनीष मार्केट ही या मालाची ठिकाणं. उन्हाळ्याच्या सुट्टीत गल्लीत यंत्रं दोनतीन घरी असत, पण कॅसेटी सगळ्यांच्या घरी फिरत: ‘कॉन्ट्रा’ दोन दिवसांसाठी देऊन ‘मारिओ’ आणायचा, नाहीतर दुकानातून कॅसेट भाड्याने घ्यायची.

यातली एखादी पिवळी कॅसेट उघडून बघा. कवच मोठं, आत बोर्ड चिमुकला, आणि चिपेच्या जागी बोर्डावर ओतलेला काळा, गोल थेंब. लेबलवर ‘९९९९९९९ इन १’ छापलेलं असतं, आत खेळ असतात मोजके. तेच खेळ वेगवेगळ्या पातळीपासून सुरू करून यादी लांबवलेली असते. काही खेळांतलं मूळ कंपनीचं नाव पुसलेलं असतं, काहींत मारिओचा चेहरा दुसऱ्याच खेळातल्या पात्राला चिकटवलेला असतो.

जागतिक बाजारात या कॅसेटींना मोल नाही, कारण त्या अस्सल नाहीत. पण आपल्या एका पिढीचं खेळणं याच कॅसेटींवर झालं आहे. त्या कुठल्या कारखान्यात बनल्या, कुठल्या बंदरातून आल्या, जळगावच्या किंवा सांगलीच्या दुकानात कितीला विकल्या गेल्या, याच्या नोंदी बनवणाऱ्यांनी ठेवल्या नाहीत. ठेवण्यात त्यांचा फायदाही नव्हता. कॅसेट हाच त्या व्यवहाराचा पुरावा आहे आणि दर दिवाळीच्या साफसफाईत तो भंगारवाल्याकडे जातो आहे.

यंदा माळा आवरताना अशा कॅसेटींची पिशवी सापडली, तर टाकू नका. लेबलला पाणी लावू नका. कॅसेटचे दोन्ही बाजूंनी आणि उघडता आली तर आतल्या बोर्डाचेही फोटो काढा. चालू होत असेल तर खेळांची यादी पडद्यावरून उतरवून घ्या. कुठून घेतली, कितीला घेतली, कुणाबरोबर अदलाबदल केली, हे आईबाबांना, दादाला, ताईला विचारून लिहून ठेवा. संगणकाला जोडून कॅसेट वाचणारी छोटी यंत्रं आता छंद म्हणून वापरणाऱ्यांकडे असतात, त्यांच्याकडून ती डंप करून घ्या. अमेरिकेतल्या आणि जपानमधल्या कॅसेटींचा इतिहास तिथल्या छांदिष्टांनी एकेक प्रत उघडून लिहिला. आपल्या गल्लीतल्या कॅसेटींचा इतिहास लिहायला बाहेरून कुणी येणार नाही. ते काम आपलं आहे आणि त्यासाठी लागणारा सगळा ऐवज अजून आपल्याच माळ्यावर आहे.