धनराज खेळणार म्हणे!

उपनगरात क्रिकेटवेडे गल्लोगल्ली भेटतात, हॉकीवेडा शोधावा लागतो. घाटकोपरचे आमचे मामू त्यातले. २००५ साली प्रीमियर हॉकी लीग सुरू झाली आणि धनराज पिल्ले ‘मराठा वॉरियर्स’कडून उतरणार ही बातमी आली, तेव्हा मामूंनी फोन करकरून सगळ्या खानदानाला कळवलं. मामीजान म्हणाल्या, ‘‘छत्तीस वर्षांचा माणूस आता काय धावणार?’’ मामू दिवसभर त्यांच्याशी बोलले नाहीत!

त्यांचा राग समजण्यासारखा होता. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक खेळलेला हा गडी. १९९८ साली बँकॉकला त्याच्याच कप्तानीत भारताला ३२ वर्षांनी एशियाडचं सुवर्ण मिळालं. अथेन्सनंतर मात्र भारतीय संघात त्याला जागा उरली नव्हती.

मामूंची ओढ त्याहून जुनी. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत तुटक्या स्टिकांनी खेळलेलं हे पोर ऐंशीच्या दशकात मुंबईला थोरला भाऊ रमेशकडे आलं. रमेश आरसीएफकडून खेळायचे. धनराज पुढे महिंद्राकडे गेला. त्याचा आदर्श बनारसचा मोहम्मद शाहिद. चेंडू स्टिकला चिकटवून पळणाऱ्या धनराजमध्ये मामूंना शाहिदच दिसायचा, म्हणून तर ते लोकलने चर्चगेटचं हॉकी मैदान गाठायचे.

त्या वर्षी करंडक हैदराबाद सुलतान्सने नेला. मामूंना त्याचं विशेष वाटलं नाही. मामीजाननी मात्र एक सामना शेवटपर्यंत पाहिला आणि विचारलं, ‘‘पुढचा कधी आहे?’’