जुन्या डीव्हीडीचें रूपांतर : दोष कोठें शोधावा?

इसवी सन १९९६ च्या नोव्हेंबर महिन्यांत जपानांत डीव्हीडी प्रथम विक्रीस आली, आणि पुढें कांहीं वर्षांतच ती आपल्याकडील लग्नघरांत व शाळांच्या स्नेहसंमेलनांतही येऊन पोहोंचली. विद्यार्थीमित्रांनो, तुमच्यापैकीं पुष्कळांच्या घरीं आईवडिलांच्या लग्नाची, किंवा आतां हयात नसलेल्या आजोबांच्या एखाद्या समारंभाची तबकडी कपाटांत पडून असेल. ती लावावयाचें यंत्र बहुधा घरांत उरलेलें नाहीं, आणि आजच्या बहुतेक लॅपटॉपांस तबकडीचा खण नसतो. शिवाय घरगुती तबकडी कारखान्यांत ठसा उमटवून केलेली नसते. तिच्यांतील रंगद्रव्याच्या थरावर लेसर किरणानें लेखन केलेलें असतें, आणि ऊन व उष्णता यांनीं हा थर हळूहळू निकामी होतो. म्हणून तिच्यांतील चित्रें संगणकावर उतरवून घेणें हें काम लांबणीवर टाकण्याजोगें नाहीं. त्यांत येणाऱ्या अडचणी कां येतात व त्यांवर इलाज कोणता, हें येथें सांगावयाचें आहे.

प्रथम तबकडीची अंतर्रचना पाहूं. ती संगणकांत उघडली असतां ‘व्हिडिओ टीएस’ नांवाचें फोल्डर दिसतें. त्यांत तीन जातींच्या फाइली असतात. ‘व्हीओबी’ फाइलींत चित्र व आवाज हे दोन्ही असतात. ‘आयएफओ’ ही अनुक्रमणिका होय. आणि ‘बीयूपी’ ही त्या अनुक्रमणिकेची राखीव प्रत होय. एका व्हीओबी फाइलीचा आकार सुमारें १ जीबीच्या पुढें जाऊं शकत नाहीं. त्यामुळें एकच समारंभ चार-पांच फाइलींत तुटतो, आणि तो तुकडा प्रसंगाच्या शेवटींच पडेल असें नाहीं. बोलतां बोलतां मध्येंच पडतो. ही एक गोष्ट नीट समजली म्हणजे पुढील पुष्कळ घोटाळ्यांचा उलगडा होतो.

या कामाचा मुख्य नियम असा : आधीं नक्कल, मग रूपांतर. तबकडीवरूनच थेट रूपांतर करूं लागल्यास, काम अडलें असतां दोष तबकडीचा कीं रूपांतराचा हें कळत नाहीं. म्हणून संपूर्ण फोल्डर, किंवा तबकडीची अखंड प्रतिमा, प्रथम हार्ड डिस्कवर उतरवावी. नक्कल पुरी झाली तर तबकडीचें काम संपलें. पुढचा दोष रूपांतरांत शोधावा.

नक्कल होत नसेल तर तबकडी उजेडांत धरून पाहावी. डाग असल्यास मऊ कापडानें मध्यापासून कडेकडे सरळ पुसावें. वर्तुळाकार पुसूं नये, कारण तसा ओरखडा लेखनाच्या रेषेवरच लांबवर जातो. मग दुसऱ्या ड्राइव्हमध्यें लावून पाहावी. एकास न वाचतां येणारी तबकडी दुसरा पुष्कळदां वाचतो. तरीही अडल्यास ‘डीडीरेस्क्यू’ हा मोफत प्रोग्राम उपयोगी पडतो. तो वाचतां येणारा भाग आधीं उतरवून घेतो, आणि अवघड भागाकडे मागाहून वळतो. रेकॉर्डरवर तयार केलेली तबकडी संगणकास रिकामी दिसत असेल, तर ती ‘फायनलाइझ’ करावयाची राहिली असण्याचा संभव असतो. तो रेकॉर्डर मिळाल्यास त्यावरच हें काम पुरें करावें. अनुक्रमणिकेची फाइल तेवढी खराब असेल, तर नक्कल केलेल्या फोल्डरांत त्याच नांवाच्या बीयूपी फाइलीची प्रत काढून तिच्या नांवाचा शेवट ‘आयएफओ’ असा करावा.

आणखी एक ध्यानांत ठेवावें. विंडोज ८ पासून (२०१२) त्या प्रणालींत डीव्हीडी दाखविण्याची सोय अंगभूत दिली जात नाहीं. तेव्हां चित्र दिसत नाहीं म्हणजे तबकडी बिघडली असें नव्हे. ‘व्हीएलसी’ या मोफत प्रोग्रामांत ती लावून पाहावी. तसेंच ४.७ जीबीच्या भरलेल्या तबकडीची प्रतिमा पेनड्राइव्हवर जात नसेल, तर तो ‘फॅट ३२’ पद्धतीचा असावा; त्या पद्धतींत एका फाइलीस ४ जीबीची मर्यादा असते.

आतां प्रत्यक्ष रूपांतर. ‘हॅण्डब्रेक’ हा मोफत प्रोग्राम यास पुरेसा आहे. त्यास एकेक व्हीओबी फाइल न देतां संपूर्ण फोल्डर द्यावें. सुटी फाइल दिली तर अनुक्रमणिका त्यास मिळत नाहीं. मग लांबी भलतीच दिसते, प्रसंग अर्ध्यांत तुटतो, व तुकडे मागाहून कसेतरी जोडल्यास आवाज ओठांच्या मागें पडतो. आवाजाचा हा दोष ओळखण्याची रीत सोपी आहे. आरंभापासून अखेरपर्यंत अंतर सारखेंच असेल, तर आवाज तेवढा पुढें-मागें सरकविला कीं काम होतें. अंतर वाढत जात असेल, तर जोडणी किंवा गति चुकली. तेव्हां संपूर्ण फोल्डरावरून पुन्हां आरंभ करावा आणि गति ‘स्थिर’ ठेवावी. चित्र दिसून आवाजच येत नसेल, तर मूळचा ‘एसी-३’ आवाज तुमच्या फोनास कळत नसावा. त्याचें ‘एएसी’ मध्यें रूपांतर करावें.

हलत्या हातावर कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसतात, त्याचें कारण असें. आपल्याकडील पाल पद्धतींत सेकंदास २५ चित्रें असतात. परंतु प्रत्येक चित्र दोन अर्धांचें असून त्यांत सम व विषम ओळी १/५० सेकंदाच्या अंतरानें टिपलेल्या असतात. यावर ‘डीइंटरलेस’ हा पर्याय निवडावा. माणसें उंच व बारीक दिसूं लागलीं, तर चित्राचें प्रमाण हरवलें. तबकडींत चित्र ७२० × ५७६ बिंदूंचें असतें. तें दाखवितांना ४ : ३ प्रमाणांत ७६८, व १६ : ९ प्रमाणांत १०२४ बिंदूंइतकें रुंद करावयाचें असतें. मूळ प्रमाण कोणतें तें पाहून तेंच ठेवावें. गुणवत्तेचा आंकडा २० च्या आसपास ठेवल्यास चित्र चांगलें राहून फाइल पुष्कळ लहान होते. चित्राचा आकार मात्र वाढवूं नये. जें मुळांत टिपलेंच नाहीं, तें मोठें केल्यानें उत्पन्न होत नाहीं.

विकत मिळणाऱ्या चित्रपटांच्या तबकड्यांस बहुधा कुलूप असतें, आणि त्यांचा हक्क दुसऱ्याचा असतो. येथील विवेचन आपल्या घरच्या तबकड्यांपुरतेंच आहे.

शेवटीं पालकांस एक विनंती. फाइल तयार झाली एवढ्यावर समाधान मानूं नये. तिचा आरंभ, मध्य व शेवट मुलांसह बसून पाहावा. मग तिच्या दोन प्रती दोन निराळ्या ठिकाणीं ठेवाव्या, आणि मूळ तबकडी टाकून न देतां उन्हापासून दूर, डबीमध्यें उभी ठेवावी. आजोबांचा आवाज ज्या मुलांनीं प्रत्यक्ष ऐकला नाहीं, त्यांस तो ऐकविण्याचें हें एकच साधन कित्येक घरांत उरलें आहे. तें हातीं आहे तोंवरच जतन करावें.