दुबईत भाड्याचे घर घेताना

आखातात नोकरी लागली की घरी प्रथम पगाराचा आकडा सांगितला जातो. त्यातून निवाऱ्यासाठी किती जाणार, याचा विचार बहुधा तेथे पोहोचल्यावरच होतो. आपल्या वसई परिसरातील अनेक कुटुंबांची मुले दुबईत आहेत व दरवर्षी नवी जात आहेत. म्हणून तेथील घरभाड्याची रीत समजून घेणे उपयुक्त ठरावे.

आपल्याकडे अकरा महिन्यांचा करार आणि दरमहा भाडे ही पद्धत अंगवळणी पडलेली आहे. दुबईत भाडे वर्षाचे ठरते व ते पुढील तारखांच्या एक, दोन, चार किंवा अधिक धनादेशांनी आगाऊ सुपूर्द केले जाते. धनादेश जितके कमी, तितकी घासाघीस सोपी. समजा, वर्षाचे भाडे 60,000 दिर्‍हॅम व धनादेश चार ठरले. पहिल्या हप्त्याचे 15,000, प्रचलित रिवाजानुसार पाच टक्के अनामत 3,000, दलालीचे तितकेच आणि वीज-पाण्याची अनामत 2,000, म्हणजे किल्ली हाती येण्यापूर्वी 23,000 दिर्‍हॅम लागतात. किरकोळ शुल्के वेगळी. शिवाय भाड्याच्या पाच टक्के पालिकेचा कर दरमहा वीजबिलातून वसूल होतो. तो पुष्कळांच्या हिशेबातच नसतो.

धनादेश न वटणे हा पूर्वी सरसकट फौजदारी गुन्हा होता. 2022 पासून केवळ खात्यात पैसे नाहीत एवढ्यावरून सहसा तुरुंगवास होत नाही. परंतु धनादेशधारकास थेट वसुलीसाठी न्यायालयात जाता येते. नोकरी सुटली तरी दिलेले धनादेश सुटत नाहीत, हे ध्यानी ठेवावे.

करार झाल्यावर त्याची ‘इजारी’ नोंदणी झालीच पाहिजे. इजारी म्हणजे ‘माझे भाडे’. मराठीतील ‘इजारा’ त्याच अरबी कुळातला. पत्नी व मुलांना बोलवायचे झाले, तर नोंदणीकृत करार दाखवावा लागतो.

नवख्याला मात्र एवढी रक्कम कोठून परवडणार? तो ‘बेड स्पेस’ शोधतो, म्हणजे खोलीतील एका खाटेपुरती जागा. खरा धोका येथेच आहे. 2007 च्या भाडेकायद्यानुसार मालकाच्या लेखी संमतीविना पोटभाडेकरू ठेवता येत नाही. तसे आढळल्यास मूळ भाडेकरूबरोबर पोटभाडेकरूलाही बाहेर काढता येते. त्याला भरपाई मागावी लागते ती मूळ भाडेकरूकडेच. प्लायवूडचे आडोसे घालून एका खोलीच्या तीन केलेल्या जागा तर आग लागल्यास सापळाच ठरतात. 2025 च्या जूनमध्ये दुबई पालिकेने अल रिग्गा, सातवा आदी भागांत अशा विनापरवाना आडोशांविरुद्ध मोहीम उघडली. तेव्हा खाट घेतानादेखील मालकाची संमती आहे काय, हे विचारावे. रोख दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती घ्यावी.

रीतसर भाडेकरूला कायद्याचे संरक्षण बऱ्यापैकी आहे. नूतनीकरणाच्या वेळी भाडे वाढवायचे असल्यास मालकाने किमान 90 दिवस आधी कळवावे लागते. वाढही मनमानी नसते: सध्याचे भाडे त्या भागातील सरासरीहून दहा टक्क्यांपर्यंत कमी असेल तर वाढ मिळत नाही, आणि फरक कितीही मोठा असला तरी एका नूतनीकरणात वाढ 20 टक्क्यांच्या वर जात नाही. मालकाला स्वतः राहण्यासाठी अथवा विक्रीसाठी घर रिकामे हवे असल्यास नोटरीमार्फत किंवा नोंदणीकृत टपालाने बारा महिन्यांची सूचना द्यावी लागते. फोनवरील निरोपाला सूचना म्हणत नाहीत. वीज-पाणी तोडून भाडेकरूला हुसकावण्यास कायद्याने मनाई आहे. तक्रारीसाठी 2013 पासून स्वतंत्र भाडे-तंटा केंद्र आहे. तेथील दावा-शुल्क साधारणतः वार्षिक भाड्याच्या साडेतीन टक्के असते.

कायमचे मायदेशी परतताना वीज-पाण्याचे अंतिम बिल भरून अनामत मागून घ्यावी, इजारी नोंद रद्द करावी आणि मालकाकडे उरलेले धनादेश मोजून परत घ्यावेत. तिकीट त्यानंतरच काढावे.