दशांशातला पाव आणि तिसरा हिस्सा

पावसाळा सुरू झाला की पोफळीत पहिली चौकशी होते ती कोयनेच्या पाण्याची. आपल्या गावच्या भूगर्भातील वीजगृहाला पाणी तिथूनच येते. धरणाची साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी, म्हणजे तितके अब्ज घनफूट, हे येथील शाळकरी मुलांनाही पाठ असते. पण त्यातील .२५ म्हणजे किती असे विचारले तर मुले घुटमळतात आणि वडीलधारी माणसे चटकन ‘पाव’ म्हणून मोकळी होतात. दशांशाचे व्यवहारी अपूर्णांकात रूपांतर ते हेच. ते रीतीने कसे करावे एवढेच विद्यार्थी मित्रांसाठी येथे मांडत आहोत.

दशांशचिन्हाच्या उजवीकडे जितके अंक असतील तितकी शून्ये एकावर देऊन छेद लिहावा. चिन्ह काढून उरलेली संख्या हा अंश. ०.३७५ मध्ये तीन अंक आहेत, म्हणून ३७५/१०००. आता संक्षेप द्यावयाचा. येथे मुले ३ ने भाग जातो का, ७ ने जातो का, असे पाहत बसतात. हा खटाटोप व्यर्थ आहे. छेद १०, १०० किंवा १००० असतो आणि १० म्हणजे २ गुणिले ५. त्यामुळे २ आणि ५ खेरीज दुसऱ्या कोणत्याही मूळ संख्येने छेदाला भाग जातच नाही. अंश आणि छेद दोघांनाही भाग जाईल तोवर याच दोन संख्यांनी भागत जावे. ३७५/१०००, मग ७५/२००, मग १५/४०, शेवटी ३/८. यापुढे काही निघत नाही. हेच अतिसंक्षिप्त रूप.

तीन अष्टमांश रुपया म्हणजे जुने सहा आणे. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. त्यापूर्वी सोळा आणे होते. एक आणा म्हणजे ०.०६२५ रुपया. ६२५/१०००० ला चार वेळा ५ ने भागा, १/१६ उरतो. पावकी, निमकी, पाऊणकी घोकलेल्या पिढीला असले हिशेब तोंडी येत, त्यात नवल नाही. आम्ही बँकेतली माणसे साडेबारा टक्के दिसले की अजूनही मनातल्या मनात आठने भागतो, कारण ०.१२५ म्हणजे १/८. हिशेब यंत्र करते, पण पडताळा तोंडी असलेला बरा.

हे झाले संपणारे दशांश. खरी अडचण वाटणीत येते. समजा, एक हेक्टर जमीन तीन भावंडांत समान वाटावयाची आहे. कॅल्क्युलेटर ०.३३३३३३३ दाखवतो आणि कोणीतरी प्रत्येकाच्या नावापुढे ०.३३ लिहून मोकळा होतो. ०.३३ म्हणजे ३३/१००. तिघांचे मिळून ९९/१००. हेक्टरचे आर शंभर, तेव्हा एक आर कोणाच्याच नावावर नाही! एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, जवळजवळ एक गुंठा. एवढ्या जागेत घर उभे राहते आणि एवढ्याच जागेवरून भावंडांचे बोलणे बंद होते. म्हणून हिस्सा आधी १/३ असाच लिहावा आणि आर, चौरस मीटर अगदी शेवटी काढावेत.

पण ०.३३३… हा दशांश तर संपतच नाही, मग छेद कोणता लिहावा? यासाठी युक्ती आहे. त्याला क्ष माना. दहापट केली की १० क्ष = ३.३३३…. यातून क्ष वजा केला की न संपणारी शेपटी दोन्हीकडची सारखी म्हणून निघून जाते. ९ क्ष = ३, म्हणून क्ष = १/३. दोन अंक पुन्हा पुन्हा येत असतील तर शंभरपट करावी. ०.२७२७… चे ९९ क्ष = २७, म्हणजे ३/११. येथे छेदात नऊ आल्यामुळे २ आणि ५ उपयोगी पडत नाहीत. ३ आणि ११ ने भागून पाहावे लागते.

पहिला अंक वेगळा आणि पुढचाच पुन्हा पुन्हा येत असेल, जसे ०.१६६६…, तर दहापट आणि शंभरपट दोन्ही लिहाव्यात. १०० क्ष = १६.६६६… आणि १० क्ष = १.६६६…. वजाबाकी करून ९० क्ष = १५, म्हणजे क्ष = १/६. सहा वारस असतील तेथे प्रत्येकाचा हिस्सा हाच.