चाक नटांवर टांगलेले नसते

टेबलावर दहा-बारा वह्या शेजारी शेजारी उभ्या करा. पहिल्या आणि शेवटच्या वहीवर तळहात टेकवून आतल्या बाजूला दाबा आणि सगळी रांग अलगद उचला. मधल्या वह्यांखाली कसलाच आधार नाही, तरी त्या पडत नाहीत. दाब जरा सैल केला की मात्र मधल्या वह्या घसरून खाली येतात. वह्यांचे वजन पेलते ते त्यांच्यामधले घर्षण, आणि हे घर्षण टिकते ते तळहातांच्या दाबामुळे.

आता जीपचे चाक डोळ्यांसमोर आणा. आसाच्या टोकाला एक जाड पोलादी चकती असते, तिला हब म्हणतात. हबमधून बोटाएवढे जाड आटे पाडलेले दांडे बाहेर आलेले असतात, ते स्टड. चाकाची छिद्रे या स्टडवर बसवायची आणि वरून नट आवळायचे, की चाक बसले. हे स्टड नेमके काय काम करतात, असा प्रश्न वर्गात विचारून पाहा. बहुतेक मुले सांगतील, ‘चाक त्यांच्यावर टांगलेले असते.’ उत्तर पटण्यासारखे आहे, पण बरोबर नाही. चाकातले छिद्र स्टडपेक्षा थोडे मोठे असते. नट नीट आवळलेले असतील तर छिद्राची कड स्टडवर भार टाकत नाही. नटाचा उतरता तळ चाकाला मध्यावर आणतो आणि स्टड चाकाला हबवर दाबून धरतात. पुढचे काम घर्षणाचे. थोडक्यात, स्टड म्हणजे आपले तळहात.

दाब किती?

नट आवळला की स्टड अगदी किंचित ताणला जातो. ताणलेल्या स्प्रिंगसारखा तो चाकाला हबकडे ओढत राहतो. अर्धा इंच जाडीच्या कोरड्या स्टडवरचा नट सुमारे १३० न्यूटन-मीटर आघूर्णाने आवळला, तर स्टडमध्ये सुमारे ५०,००० न्यूटन ताण निर्माण होतो. पाच स्टडांचा मिळून दाब झाला २,५०,००० न्यूटन, म्हणजे जवळजवळ २५ टन वजनाइतका! घर्षणांक ०.१५ धरला तर घर्षणबल सुमारे ३७,५०० न्यूटन येते.

पण चाकाला सरळ ढकलणाऱ्या बलापेक्षा हबवर गर्रकन फिरवू पाहणारे बल जास्त त्रासाचे. ब्रेक लावला की हब थांबू पाहतो आणि रस्ता टायरला फिरवत राहू पाहतो. इथे बलाइतकेच त्याचे केंद्रापासूनचे अंतर महत्त्वाचे ठरते.

स्टड ज्या वर्तुळावर बसवलेले असतात, त्याचा व्यास हे चाकाचे ओळखीचे माप आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला पाच स्टड होते आणि वर्तुळाचा व्यास होता ५.५ इंच. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने मुंबईत याच जीपची जुळणी सुरू केली. आजही अनेक गाड्यांच्या माहितीपत्रकात ‘५ × १३९.७’ असे विचित्र माप दिसते. ५.५ ला २५.४ ने गुणा, उलगडा होईल. मिलिमीटरच्या पोशाखातला हा जुना इंचच आहे.

अमेरिकेत १९८७ साली जीप रँगलर आली, तेव्हा हे वर्तुळ ४.५ इंचांचे, म्हणजे ११४.३ मिलिमीटरचे झाले. कंपनीने बसवलेल्या टायरांना ते पुरेसे होते. पण अमेरिकेत खडकाळ डोंगरवाटांवर गाडी चालवण्याचा छंद मोठा आहे, आणि हे छंदिष्ट आपल्या गाड्यांना ३५ किंवा ३७ इंच व्यासाचे टायर चढवतात. त्याने हबवर काय परिणाम होतो, याचा ढोबळ हिशेब करू.

घर्षणबल ३७,५०० न्यूटन आणि स्टडांच्या वर्तुळाची त्रिज्या ०.०५७ मीटर. गुणाकार सुमारे २,१४० न्यूटन-मीटर. याहून मोठे आघूर्ण आले तर चाक हबवर घसरेल.

आता ब्रेकचे पाहू. चाकावर ५,००० न्यूटन भार आहे आणि रस्त्याची पकड ०.८ आहे, असे धरले तर टायरच्या तळाशी ४,००० न्यूटन बल मिळते. मूळ टायरची त्रिज्या सुमारे ०.३६ मीटर, म्हणून आघूर्ण १,४४० न्यूटन-मीटर. ३७ इंची टायरची त्रिज्या ०.४७ मीटर, म्हणून आघूर्ण १,८८०.

दोन्ही आकडे २,१४० च्या आतच आहेत. मग बिघडले कुठे? समजा, नट थोडे सैल झाले आणि स्टडांचा ताण चतुर्थांशाने घटला. आता घर्षणाची मर्यादा १,६०५ झाली. मूळ टायर अजून सुरक्षित आहे, मोठा टायर मात्र घसरणार. म्हणजे मोठ्या टायरने हब लगेच मोडत नाही, तो आपल्या चुकीला ठेवलेली जागा खाऊन टाकतो.

घसरल्यावर काय होते?

चाक घसरले की छिद्राची कड स्टडवर आपटते. शिवाय सैल चाक प्रत्येक फेऱ्यात डुलते आणि स्टड एकदा इकडे, एकदा तिकडे वाकतो. तार पुन्हा पुन्हा वाकवून तोडतो, तसाच हा प्रकार. याला धातूची थकान म्हणतात. घट्ट ताणलेल्या स्टडमध्ये हा चढउतार फार थोडा जाणवतो, सैल स्टडला तो सगळा सोसावा लागतो. एक स्टड तुटला की त्याचा भार उरलेल्यांवर जातो, ते आणखी लवकर थकतात आणि शेवटी चालत्या गाडीचे चाक निखळते. तुटलेल्या तोंडावर पुष्कळदा शिंपल्यासारख्या रेषा दिसतात. तडा हळूहळू पुढे सरकत होता, याची ती खूण.

उपाय कोणते?

हिशेबातच उपाय दडलेले आहेत. वर्तुळ मोठे करा, स्टडांची संख्या वाढवा किंवा स्टड जाड करा. रँगलरचे वर्तुळ २००७ साली ५ इंचांचे झाले आणि २०१८ च्या पिढीत स्टड १४ मिलिमीटर जाडीचे आले. एफ-२५० सारख्या मोठ्या पिकअप गाड्यांत वर्षानुवर्षे ६.५ इंचांच्या वर्तुळावर आठ स्टड होते. १४ मिलिमीटरच्या एका स्टडचा ताण ६८,००० न्यूटन धरून वरचाच हिशेब केला, तर मर्यादा येते सुमारे ६,७०० न्यूटन-मीटर, म्हणजे तिपटीहून जास्त. आजच्या मोठ्या मालट्रकांत ३३५ मिलिमीटर वर्तुळावर दहा स्टड सर्रास आढळतात.

पण नुसते स्टड वाढवून भागत नाही. लहान गाड्यांत पुष्कळदा मागच्या आसाचा दांडाच चाक फिरवतो आणि गाडीचा भारही पेलतो. तो तुटला तर चाक बाहेर येऊ शकते. जड गाड्यांत हब एका भक्कम पोकळ नळीवर दोन बेअरिंगांच्या आधाराने फिरतो. भार नळी घेते, दांडा फक्त पीळ देतो. दांडा तुटला तरी चाक जागेवर राहते.

टायर रुंद असला की तो आत घासू नये म्हणून काही जण हब आणि चाकाच्या मध्ये जाड चकती बसवतात. तिने चाक ४ सेंटिमीटर बाहेर सरकले, तर त्याच ५,००० न्यूटन भाराने बेअरिंगांवर २०० न्यूटन-मीटरचे वाकवणारे आघूर्ण जास्तीचे येते.

या खटाटोपाचे टोक म्हणजे अमेरिकेतले मॉन्स्टर ट्रक. बॉब चँडलर यांच्या ‘बिगफूट’ या एफ-२५० गाडीपासून १९७० च्या दशकात ही परंपरा सुरू झाली. आज या ट्रकांचे टायर ६६ इंच उंचीचे असतात, म्हणजे शाळकरी मुलापेक्षा उंच. मॉन्स्टर जॅम या स्पर्धांना २०१४ पासून हे टायर पुरवणारी बीकेटी ही कंपनी मुंबईची आहे. एवढ्या त्रिज्येला लागणारा पीळ आसाच्या दांड्यातून आणायचा तर दांडा फारच जाड करावा लागेल. म्हणून वेग कमी करून पीळ वाढवणारी दंतचक्रे थेट हबमध्येच बसवतात. दांडा कमी पीळ वाहून आणतो आणि तो वाढतो चाकापाशी पोचल्यावर.

करून पाहा

१. दोन पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना बोल्टपेक्षा मोठी छिद्रे पाडा. बोल्ट घालून नट सैल ठेवा आणि पट्ट्या विरुद्ध दिशांना ओढा. मग नट आवळून ओढा. बोल्टला छिद्राची कड कधी लागते ते पाहा.

२. उभ्या असलेल्या जीपच्या चाकाचे शेजारच्या दोन स्टडांमधले अंतर केंद्रापासून केंद्रापर्यंत मोजा. पाच स्टड असतील तर त्याला ०.५८८ ने भागा (हा ३६ अंशांचा साइन आहे). उत्तर म्हणजे वर्तुळाचा व्यास. अंतर ८२ मिलिमीटर आले तर व्यास किती?

३. ३० सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकावर ६० किलो वजनाचा माणूस उभा राहिला तर आघूर्ण किती? ते १३० पेक्षा जास्त भरेल. पाय देऊन नट आवळण्याची सवय स्टडला मर्यादेपलीकडे ताणू शकते, ती याचमुळे.

चाक बदलताना हबचा तळ गंज आणि मातीपासून स्वच्छ करावा, नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळावेत आणि आट्यांना तेल लावू नये. तेलाने घर्षण घटते आणि त्याच जोरात स्टड जास्त ताणला जातो. शंभरेक किलोमीटर गेल्यावर नट पुन्हा तपासावेत, कारण रंग आणि धूळ दबून गेली की ताण थोडा उतरतो. टायर जितका मोठा, तितकी ही तपासणी टाळणे महाग.