तंतुमय मॅलाकाइट : पारख व सचोटी

आमोण्याच्या परिसरात लोहखनिज सर्वांच्या ओळखीचे. हिरवा मॅलाकाइट मात्र आम्हां व्यापाऱ्यांस परका. तांब्याच्या भांड्यास चढणाऱ्या कळंकाचाच तो भाऊबंद होय. ताम्रखनिजावर पाणी, प्राणवायू व कार्बन डायॉक्साइड यांची क्रिया होऊन तो बनतो. त्यात सुमारे ५७ टक्के तांबे असते. सुईसारखे सूक्ष्म स्फटिक दाटीने वाढले म्हणजे त्यास रेशमी झळाळी येते. काठिण्य अवघे ३.५ ते ४. म्हणून तंतूंस बोट लावू नये. आम्लाने तर तो फसफसून विरघळतो. संग्राहक दगडाबरोबर त्याचे उगमस्थानही विकत घेतो. काँगोच्या नमुन्यास भारतीय खाणीची चिठ्ठी लावणे म्हणजे खोट्या मापाने माल देणेच. स्थळ ठाऊक नसल्यास चिठ्ठी कोरी ठेवावी. पेढीची पत त्यातच राहते.